गालावरचा वार

आमच्या देवघरात पाच टाक होते. चार देवांचे, एक वीराचा. देवांचे टाक चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले, कोणाच्याही घरी असतात तसे. वीराचा मात्र जाड आणि वाटोळा होता. त्यावर एका माणसाचं तोंड होतं, एका बाजूनं दिसणारं. डोक्याला गुंडाळलेलं काहीतरी, त्याला आम्ही मुंडासं म्हणायचो. मानेवर दोन फिती लोंबायच्या, तो शेमला. आणि गालावर खोल वार. आमचा मूळपुरुष लढाईत तोंडावर तलवार घेऊन पडला, असं वडील सांगायचे. पळाला असता तर वार पाठीवर असता, हे त्यांचं पुढचं ठरलेलं वाक्य.

आमचं गाव तेर. गावातल्या संग्रहालयात काचेमागं मातीच्या गोल चकत्या आहेत, रोमन नाण्यांचे ठसे घेऊन गळ्यात घालायला केलेल्या. शाळेतून रांगेनं नेलं तेव्हा त्या मी कधी नीट बघितल्या नव्हत्या. धाराशिवच्या कॉलेजात इतिहास घेतल्यावर मुद्दाम गेले आणि एका चकतीसमोर उभी राहिले. मुंडासं तेच, शेमला तोच. आमचा मूळपुरुष रोमचा बादशहा निघाला. मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. घरी सांगितलंच नाही.

कॉलेजला गेलेली मी घरातली पहिली. काय विचारावं, कोणाला विचारावं, हे मला अजूनही चटकन सुचत नाही. त्यामुळं मी एकटीच शिकत राहिले. आंघोळ करून टाक हातात घ्यायचा, उन्हात धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, मोबाईलवर मोठे करून पुसट अक्षरं वाचायची. मागच्या बाजूला एक बाई बसलेली होती, हातात काठी आणि डहाळी. आई तिला वीराची बायको म्हणायची. वाराचा अर्थही मला पुस्तकातच सापडला. परदेशातून आलेली चांदी आतपर्यंत चांदीच आहे का, हे बघायला इकडचे लोक नाण्यावर छिन्नी मारत. म्हणजे तो वार आमच्यासारख्याच कोणीतरी केलेला. हे वाचलं त्या दिवशी मला तो जास्तच आपला वाटला.

मला त्या नाण्यावर प्रकल्प करायचा होता. फोटो मी आमच्या सरांना दाखवले. चांगलं आहे म्हणाले, पाठवून ठेव म्हणाले. मी पाठवले. त्यांनी ते मला न विचारता पुण्यातल्या एका ओळखीच्या संग्राहकाला पाठवले.

तो माणूस आमच्या घरी आला तेव्हा मी वर्गात बसलेली होते. संध्याकाळी एसटीनं घरी आले, दिवा लावायला गेले, तर वीराच्या जागी नवाकोरा टाक. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला, तुळजापूरच्या कोणत्याही दुकानात मिळतो तसला.

वडील खुशीत होते. सरांच्या ओळखीचा लई मोठा माणूस आला होता. त्यानं बूट बाहेर काढले, वीराची सगळी कथा ऐकून घेतली, हात जोडले. मग म्हणाला, वीर झिजलाय, घरात लग्न आलंय, मी शुद्ध चांदीचा नवा देतो, जुना मला द्या. नवा त्यानं खिशातून आणलेलाच होता. लग्नाआधी झिजलेले टाक बदलायची आमच्यात रीतच आहे. वडिलांना वाटलं, नाहीतरी सोनाराच्या मुशीत जाणार होता, त्यापेक्षा बरं.

मी रडले. भांडले. ज्याचं लग्न होतं तो माझा भाऊ जेवता जेवता म्हणाला, “तू उद्या दुसऱ्याच्या घरी जानार. तुला आमच्या वीराचं काय करायचंय?”

दुसऱ्या दिवशी सरांकडं त्या माणसाचा नंबर मागितला. सर म्हणाले, घाई कशाला, आधी भावाचं लग्न होऊ दे. मी ऐकलं. मोठ्या माणसांचं ऐकायची सवयच आहे मला, तिचाही आता राग येतो. लग्नाआधी देवीचा गोंधळ झाला. त्यात नवा टाक हळद लावून, नैवेद्य दाखवून देवात बसवला.

पुढच्या महिन्यात कॉलेजात नाण्यांवर व्याख्यान ठेवलं. पाहुणा तोच. पडद्यावर एकामागून एक नाणी येत होती आणि मधेच आमचा वीर आला, भिंतीएवढा. हळदीचा कण राहिला नव्हता. वाराच्या खाचेत नेहमी थोडं कुंकू अडकलेलं असायचं, तेही गेलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘खासगी संग्रह’. गावाचं नावसुद्धा नाही. मग त्यानं वडिलांची गोष्ट सांगितली. मुंडासं, शेमला, तलवारीचा वार, सगळी, वडिलांच्या आवाजाची नक्कल करून. सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेत सर हसले. माझ्या शेजारची मैत्रीणही हसली, तिला बिचारीला माहीत नव्हतं.

मी उभी राहिले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. “ते आमचं आहे,” एवढंच तोंडातून आलं.

तो अजिबात गडबडला नाही. “बेटा, मी चोरी नाही केली. तुझ्या वडिलांनी राजीखुशीनं बदलून दिलं. तुला परत हवं असेल तर माझा टाक आणून दे, नाणं घेऊन जा. आजही तयार आहे.”

टाळ्या पडल्या. त्या त्याच्यासाठी होत्या. मी मूर्खासारखी आनंदात घरी आले आणि थेट देवघराकडं गेले.

आई आडवी आली. “हात लावू नगंस.”

मी सगळं सांगितलं. टाक द्यायचा, आपला आणायचा, एवढंच.

“बसवलेला देव उठवत्यात व्हय? सुनंचं पाऊल आत्ताच पडलंय घरात.”

“मग जुन्याला कसा उठवलात?”

वडील अंगणात निघून गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोनशे लोकांसमोर त्या माणसानं एवढं मोठं मन कसं दाखवलं. ज्याला टाक काय असतो हे माहीत आहे, बदलायची रीत माहीत आहे, त्याला नवा बसवलेला टाक उठत नाही हेही माहीतच असणार. आणि सरही इथलेच. लग्न होऊ दे म्हणाले होते.

सर आता म्हणतात, प्रकल्पात नाण्याखाली ‘खासगी संग्रह, पुणे’ लिही आणि त्यांचे आभार मान, फोटो ते चांगले देतील. मी माझेच फोटो लावलेत, उन्हातले, हळदीचे. खाली लिहिलंय, ‘तेर, आमच्या देवघरातलं’. सरांनी ते दोनदा खोडलं. मी परत लिहिलंय. मार्क गेले तरी चालतील, असं म्हणायची मला हिंमत होत नाही, पण खोडणार नाही.

एका सकाळी पूजा करताना आईनं मला विचारलं, “तिकडं त्याला कुठं ठेवलाय गं?”

“प्लॅस्टिकच्या पाकिटात. कपाटात.”

नव्या टाकावर तिनं एक पळी पाणी घातलं. मग दुसरी पळी भरली आणि ताम्हणात नुसतीच सोडली, कोणाच्याच अंगावर नाही. आता रोज सोडते. घरच्यांना वाटतं, ते बघून माझा राग निवेल. मला ती दुसरी पळी बघवत नाही. तिची वेळ झाली की मी उठून बाहेर जाते.