न उचलायचा फोन

आमच्या घरात एक फोन असा यायचा, जो उचलायचा नसे.

आम्ही सालवडला राहतो आणि नवरा तारापूरच्या एमआयडीसीत, केमिकलच्या कारखान्यात कामाला आहे. तिकडे कुठेही धमाका झाला की आमच्या खिडक्या थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात. मग चाळीतल्या सगळ्या बायका फोन हातात घेऊन गॅलरीत येतात आणि वाट बघतात. कारखान्यात आत फोन नेऊ देत नाहीत, तो गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. धमाका झाला, माणसं बाहेर काढून मोजून झाली, की हे लोक कप्प्यातून फोन काढतात, घरी एक रिंग देतात आणि कापतात. एक रिंग म्हणजे मी धड आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ती रिंग आली तेव्हा मी फोन उचलला, तर नवरा माझ्यावरच ओरडला. मागे वीस माणसं कप्प्यासाठी उभी असतात, तिथे गप्पा मारायला वेळ नसतो म्हणाला. तेव्हापासून मी कधी उचलला नाही. अकरा वर्षांत चार वेळा ती रिंग आली आहे आणि चारही वेळा ती येईपर्यंत मी गॅलरीचा कठडा सोडला नव्हता.

म्हणून घरात फोनला रेंज नसणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. आमच्या कंपनीची रेंज हळूहळू इतकी गेली की फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला तरच लागायचा. मी फोन खिडकीत ठेवून पोळ्या करायची आणि दर पाच मिनिटांनी जाऊन बघायची. शेवटी ठरवलं, नंबर तोच ठेवायचा आणि कंपनी बदलायची. नंबर तोच हवा होता, कारण कारखान्यातल्या त्याच्या कार्डावर घरचा नंबर म्हणून तोच लिहिलेला आहे आणि त्याला पाठ असलेला तो एकच नंबर. स्वतःचा विचारला तर त्याला फोनमध्ये बघावा लागतो.

बोईसरला कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की तुम्ही वर्षाचा प्लॅन घेतलाय, मधेच सोडता येणार नाही. सोडायचा तर दंड भरा. नाही भरला तर नंबर बंद होईल आणि दुसऱ्या कुणाला तरी दिला जाईल. हे तो अगदी शांतपणे बोलला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गेटवर उभा असलेला नवरा आला आणि कुठल्यातरी अनोळखी घरात वाजणारी ती एक रिंग. तशीच घरी आले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भरून टाक, नसती भानगड नको. ॲसिडच्या टाकीवर चढणारा हा माणूस काउंटरला घाबरतो. मी मुळातच भांडखोर. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि जिथे मी सही केली आहे तो कागद दाखवा म्हटलं. सिस्टीममध्ये दिसतंय, असं उत्तर मिळालं. मग सिस्टीममधलं छापून द्या म्हटलं. खूप वेळाने माझ्या सहीचा फॉर्म निघाला. त्यात वर्षाचं नाव नव्हतं आणि दंडाचंही नव्हतं. मी कंपनीकडे तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक कॅलेंडरवर लिहिला आणि आठवड्याने तो क्रमांक घालून वरच्या अधिकाऱ्याला लिहिलं. हे सगळं वाचताना मी फार शूर वाटत असेन. खरं म्हणजे त्या दिवसांत मी तासातासाने शेजारणीच्या फोनवरून माझा नंबर लावून बघत होते, चालू आहे ना म्हणून.

उत्तर आलं, चालू महिन्याचं बिल भरा, बाकी काही देणं नाही. बिल भरलं, नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा कोड मागवला, नव्या कंपनीचं सिम घेतलं. नव्या दुकानातल्या मुलीने नीट समजावलं होतं की जुनं सिम बंद पडलं की नवं घालायचं, मधे काही तास फोन मुका राहील. नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नाही. तो पुन्हा नको म्हणाला असता. सगळं झाल्यावर त्याच्यासमोर फोन नाचवून दाखवायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. चूक तिथे झाली.

मंगळवारी सकाळी अकराला रेंज गेली. मी खुशीत नवं सिम घातलं आणि भाजी निवडायला बसले. साडेअकराला खिडक्या थरथरल्या.

गॅलरीत आले. पलीकडच्या घरातला फोन वाजून थांबला. मग खालचा. मग समोरचा. प्रत्येक रिंगला कुणीतरी श्वास सोडत होतं. शेजारची भाभी मुलाला कडेवर घेऊन उभी होती, तिचाही वाजला. तिने माझ्या हाताकडे बघितलं. “भाभी, आपका?” मी फोन तिच्यापुढे धरला. त्यावर रेंजची एकही दांडी नव्हती.

तिने लगेच स्वतःचा फोन दिला. मी नवऱ्याचा नंबर लावला तर बिझी. परत लावला, परत बिझी. आमचा माणूस एक रिंग देऊन फोन ठेवणारा, तो इतका वेळ कुणाशी बोलतोय? मग वाटलं, तो बोलतच नाहीये. त्याचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे आणि तो माणूस एकेकाला कळवत सुटलाय. तो विचार आला आणि मी जिना उतरले. चपला घातल्या की नाही ते आठवत नाही. रिक्षा मिळाली. रिक्षावाला विचारत होता कुठलं गेट, आणि मला कारखान्याचं नाव आठवेना. मी नुसती पुढे हात दाखवत होते.

वाटेत रस्त्याच्या कडेने एक माणूस उलट दिशेने पळत येताना दिसला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात ते जड बूट. रिक्षा थांबायच्या आत मी उडी मारली.

तो नवराच होता. धापा टाकत त्याने माझा दंड धरला. मग म्हणाला, “तुजा फोन बंद लागतो. वीसदा केला. लोकं बोलत होती, गॅस सालवडच्या अंगाला गेला.”

मी कंपनी बदलल्याचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो तिथेच रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि हेल्मेट काढायला गेला, तर त्याला हनुवटीखालचा पट्टा सुटेना. दोनदा बक्कल निसटलं. तो पट्टा मी सोडवला. अकरा वर्षं भीती ही घरात बसणाऱ्या माणसाचीच असते असं मी धरून चालले होते.

दुपारी चारला नव्या सिमला दांड्या आल्या. न्हाणीघरातच नव्हे, स्वयंपाकघरातसुद्धा.

त्यानंतर पावणेदोन महिन्यांनी पुन्हा भांडी वाजली. मी फोन घेऊन गॅलरीत उभी राहिले. एक रिंग आली. मी सवयीने श्वास सोडला आणि ती कापली जायची वाट बघितली. ती कापली गेली नाही. फोन वाजत राहिला. भाभी माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी भीतभीत उचलला. मागे माणसं कप्प्यावरून ओरडत होती, आटप म्हणत होती.

“हायस ना?” त्याने विचारलं.

“हाय,” मी म्हटलं. मग त्याने फोन ठेवला.