साहेबांना ओवाळताना

एके काळी माझ्या दिव्याची ख्याती होती. हसू नका. पेणच्या खाडीपट्ट्यात ज्या बाईचा दिवा वाऱ्यात टिकतो तिला मान असतो. आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. बांधावर उभं राहिलं की पदर डोक्यावर राहत नाही, तिथे निरांजन काय राहणार? पुढारी यायचे, बायका ताट घेऊन पुढे व्हायच्या आणि कुंकू लावेपर्यंत ज्योत गेलेली असायची. पुढाऱ्यांना ते आवडत नाही. निवडणुकीला उभा राहणारा माणूस देवाला भीत नाही एवढा अपशकुनाला भितो.

उपाय मी शोधला. निरांजन घ्यायचंच नाही. कणकेचा दिवा करायचा, वाटीसारखा खोल, काठ आत वळवलेला. वात करंगळीएवढी जाड, आदल्या दिवसापासून तेलात मुरवलेली. ताट डाव्या हातावर पेलायचं आणि उजव्या हाताचा आडोसा दिव्याला धरूनच ओवाळायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय ही बाईची नम्रता.

तेव्हा मी तिशीच्या आत होते. नाकात नथ, अंगावर आईची हिरवी साडी, आणि डोक्यात हवा खाडीवरच्या हवेपेक्षा जास्त. त्या बाईला मी आता नथवाली म्हणते. तिला ‘मी’ म्हणायची लाज वाटते.

नथवालीला दूरदूरून बोलावणं यायचं. रोह्याला कुंडलिकेच्या काठी कसल्याशा पायऱ्यांचं उद्घाटन होतं, तर तिला न्यायला जीप आली. रोह्यात बायका नव्हत्या का? होत्या. पण असा दिवा कुणाकडे नव्हता. त्या पायऱ्या पुढच्या पावसाळ्यात नदीने नेल्या. नथवालीला त्याचं काही वाटलं नाही, कारण फोटो चांगला आला होता.

सासऱ्यांना मात्र हे आवडायचं नाही. ते गावाच्या बांधाचे राखणदार. खाडीचं खारं पाणी आणि आमची भातशेती यांच्यामध्ये हा मातीचा बांध, नि त्याला लाकडी झडपेची उघाडी. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी. हे सगळं गावच सांभाळायचं, घरटी माणूस देऊन. बांध फुटला की आमच्यात एक रीत होती. राखणदाराने देवळापुढे पागोटं काढून उभं राहायचं आणि कुठे फुटला, का फुटला, कुणाची चूक, ते सगळ्या गावाला सांगायचं. सांगून होईपर्यंत त्याला कुणी बस म्हणायचं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांना तसं उभं राहिलेलं मी पाहिलं. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि त्यांच्या नजरेतून ते सुटलं होतं. ते तसं बोलले आणि खाली बघत राहिले. मला हसू आलं होतं. एवढा म्हातारा माणूस आणि शाळेतल्या पोरासारखा उभा, असं मी धाकट्या जावेला म्हटलं होतं. ती हसली नव्हती.

पुढे एक तरुण पुढारी आला. त्याला सगळे दादा म्हणायचे. बांध सरकार बांधणार, दगडी बांधणार, म्हणाला. नारळ फुटला, नथवालीने ओवाळलं, दिवा राहिला. ज्या जागी गाडी येऊन थांबली होती तिथे मुरमाचे चार डंपर पडले, आणि पावसाळ्यात मुरूम खाडीत गेला. फलक राहिला. फलकावर काम पूर्ण झालेलं होतं. गावाने विचारल्यावर दादा म्हणाले, मी चौकशी लावतो. स्वतःच्या कामाची चौकशी स्वतः लावणारा माणूस नथवालीने पहिल्यांदाच पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. चौकशीचा साहेब बदलून गेला, ठेकेदाराने पेणला बंगला बांधला. काही वर्षांनी दादा गाडीवरचा झेंडा बदलून परत आले, त्याच जागी नारळ फोडला. मी तेव्हाही ओवाळलं. या खेपेला तर मुरूमही पडला नाही.

एव्हाना गावाने बांधाकडे जायचं सोडलं होतं. सरकारचा बांध, सरकार बघेल. सासरे गेले, आणि देवळापुढे उभं राहायला कुणी उरलं नाही.

मी मुलाकडे आले, रोह्यासमोर नदीपलीकडच्या अष्टमी गावात. मुलगा कंपनीत शिफ्ट करतो. पुलावरून रोह्याचा बाजार पाच मिनिटांवर, आणि वारा असा की उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. दिव्याचं काम संपलं, असं मी समजले. धाकटी जाऊ गावातच राहिली. दीर गेल्यापासून ती एकटीच शेत करते. दर वर्षी दिवाळीनंतर तिचा गोणभर तांदूळ येतो, खारपाटातला, जाडा, तांबूस. मुलगा नाक मुरडतो आणि दोनदा वाढून घेतो.

गेल्या वर्षीच्या उधाणात बांधाला खांड पडली. धाकटीचं खालचं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं. खारं पाणी एकदा बसलं की जमीन वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही. वरचं शेत तेवढं राहिलं, तेही वाळूच्या पोत्यांच्या आधाराने. पाऊस यायच्या आत खांड बुजली नाही तर तेही जाणार, हे गावातलं पोरगंही सांगत होतं.

होळी झाल्यावर एक दिवस धाकटी गाडीने रोह्याला आली. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “बाय, तो परत येतोय नारळ फोडायला.”

कोण, ते विचारावं लागलं नाही. दादांचे आता साहेब झाले होते आणि झेंडा पुन्हा बदलला होता.

तिने सांगितलं त्याचा मतलब असा. गावातली माणसं निवेदनं देऊन दमली. ऑफिसात गेलं तर साहेब दौऱ्यावर, दौऱ्यावर गाठलं तर फोनवर, सभेत प्रश्न विचारला तर माईक दुसऱ्याच्या हातात. पण एक वेळ अशी असते की तो कुठे जाऊ शकत नाही.

“ववाळताना मानूस हलत नाय,” धाकटी म्हणाली. “टोपी डोक्यावर, हात जोडलेले, फोन कानाला नाय. तवा त्याला विचार, दोन टायमाचा बांध कुठं गेला. आनि सांगंपर्यंत ताट हलवू नको. मामंजींसारखा उभा ऱ्हाऊंदे.”

मी म्हटलं, मीच कशाला, तूच विचार की. ती म्हणाली, आमच्यापैकी कुणी ताट धरलं की दिवा इझतो आणि तो हसत पुढं जातो. “तुझा दिवा ऱ्हातो. दिवा हाय तवर त्याला जाता येनार नाय.”

एवढा विचार तिने एकटीने केला होता. मला तिचं कौतुक वाटलं, आणि त्याहून जास्त माझं स्वतःचं. म्हातारपणी का होईना, आपल्या दिव्याला काम आलं. त्या रात्री मी आरशासमोर प्रश्न म्हणून पाहिला. पेटीतली नथ पण बाहेर काढून ठेवली होती, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी बांधावर मांडव होता. वारा नेहमीचा, मांडवाचं कापड शिडासारखं फुगत होतं. साहेब उतरले. केस पांढरे, चाल तीच. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला असावा. “वहिनी, तुम्ही?” म्हणाले आणि टोपी नीट करून माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या मागे गावातल्या बायका होत्या आणि धाकटी अगदी खांद्याशी.

मी कुंकू लावलं. अक्षता लावल्या. ताट उचललं आणि तसंच धरलं.

“दादा,” मी म्हटलं, “याच्या आधीचे दोन बांध कुठे गेले?”

ते हसले. आजूबाजूच्या लोकांकडे वळून म्हणाले, “बघा, वहिनी अजून तशाच आहेत. पहिल्यापासून आमची फिरकी घेतात.”

सगळा मांडव हसला. आणि मीही हसले. ही माझी जुनी खोड. आयुष्यभर मी जे काही बोलले ते लोकांनी गमतीवारी नेलं आणि मी ते चालवून घेतलं, कारण लोकांना हसवता येतं याचा मला अभिमान. त्यामुळे खरं विचारायची वेळ आली तेव्हा माझ्याच तोंडून आल्यामुळे तो प्रश्न विनोद झाला.

तरी ताट मी हलवलं नाही. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

हसू थांबलं. साहेब हात जोडून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे. त्यांच्या माणसाने घड्याळात पाहिलं. मागून धाकटी हळूच म्हणाली, “हलवू नको, बाय.” साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरायला लागलं होतं. त्यांचे ओठ किंचित उघडले. ते काय बोलणार होते, मला माहीत नाही. कदाचित पुन्हा थट्टा केली असती. कदाचित ठेकेदाराचं नाव घेतलं असतं. पण सासरे बोलण्याआधी जसे आवंढा गिळायचे, तसा आवंढा त्यांनी गिळला, हे मी हातभर अंतरावरून पाहिलं.

आणि खाडीवरून वारा आला. ज्योत आडवी झाली, निळी झाली, वातीला चिकटली.

मी विचार केला असता तर जाऊ दिली असती. विझली असती तर विझली असती, प्रश्न तर विचारून झाला होता, तो कुठे विझणार होता? पण विचार करायला नथवाली थांबली नाही. इतकी वर्षं मी तिची टिंगल करत आले, ती मेली असं समजत आले, आणि ती माझ्या मनगटात बसून होती. उजवा हात आपसूक उठला, दिव्याला आडोसा धरला, आणि हाताबरोबर ताट फिरलं. एकदा फिरल्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. साहेबांनी मान लववली, ताटात पाकीट ठेवलं आणि सुटले. मांडवात टाळ्या पडल्या. माईकवरून ते म्हणाले की अशा माउलींचे आशीर्वाद पाठीशी असताना कामाला कसली अडचण येणार.

धाकटीने माझ्या हातातून ताट घेतलं. ते पाकीट तिने न उघडता देवळाच्या पेटीत टाकलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

“दिवा ऱ्हायला तुझा,” ती म्हणाली.

मग तिने मला घरी नेलं. मला जेवायला वाढलं, स्टेशनपर्यंत रिक्षा करून दिली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी नातसुनेने फोन आणून दाखवला. कुणीतरी माझा व्हिडिओ टाकला होता. त्यात प्रश्न नव्हता, तो कापलेला. वारा, आडवी झालेली ज्योत, माझा हात, पुन्हा सरळ झालेली ज्योत. खाली लोकांनी हात जोडले होते. नातसून म्हणाली, आजी, तुम्ही फेमस झालात. मी म्हटलं, हो गं, पहिल्यापासूनच आहे.

बांधावर फलक लागला. पाऊस आला. श्रावणातल्या उधाणाला खांड रुंदावली आणि पाणी वरच्या शेतात शिरलं. धाकटीने ते फोनवर सांगितलं, गावातल्या दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी म्हटलं, साहेबांना कुणी विचारलं का? ती म्हणाली, “विचारलं. चौकशी लावली हाय.”

दिवाळी झाली. मला वाटलं होतं या वर्षी गोण येणार नाही, आणि खरं म्हणजे न यावी असंच वाटत होतं. पण आली. तीच जुनी गोण, तोंड सुतळीने शिवलेलं, धाकटीच्या हाताचे तिरके टाके. सूनबाईने तांदूळ काढला. पांढराशुभ्र होता, बारीक, एकसारखा. धुताना पाणी तांबूस झालं नाही.

मी तिला फोन केला. काय बोलावं ते ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हटलं, तांदूळ मिळाला गो.

“पेनच्या दुकानातला हाय,” ती म्हणाली. “बरा निंगाला का?”

मी विचारलं, कशाला पाठवलास, माझ्या घरी काय तांदूळ नाही? पलीकडे जरा वेळ कोंबड्या ओरडत राहिल्या.

“दर वर्साला जातो,” ती म्हणाली. “या वर्साला न्हाय गेला तर तू लोकांना काय सांगशील?”

मला बांधाचं विचारायचं होतं. माफी म्हणावं की काय म्हणावं, ते मला या वयातही नीट येत नाही. मी कोंबड्यांचं विचारलं. तिने सांगितलं.

मुलगा सेकंड शिफ्ट करून आला. जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, “काकीचा तांदूळ यंदा काय मस्त आहे. मोकळा सुटलाय. सांग तिला, दर वर्षी हाच लाव म्हणावं.”

मी त्याला आणखी वाढला.