बाबांचा डावा पाय

माझे वडील होमिओपॅथीचे डॉक्टर होते. नारायण पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आणि वर आमचं घर. दवाखाना म्हणजे दीड खोली. एक टेबल, दोन बाक आणि काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या लहान लहान बाटल्या. आसपासची कितीतरी मुलं त्यांच्या पांढऱ्या गोड गोळ्या खात मोठी झाली. बाबांचं बोलणं तुटक. "महिनाभर खोकताय? मग आजच घाई कशाला केलीत?" एवढं म्हणून ते पुड्या बांधायला घ्यायचे. पण छातीत कळ, पोटात गाठ, न भरणारी जखम असं काही घेऊन कोणी आलं, की ते कपाटाकडे वळतसुद्धा नसत. "हे माझं काम नाही, हॉस्पिटलात जा," म्हणायचे आणि स्वतः रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवायचे.

म्हणून त्यांच्या स्वतःच्या पायाचं जे झालं ते मला अजूनही पुरतं समजलेलं नाही.

त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता. त्याच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या ते निमूट घेत, कारण आई पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. पायाच्या बोटांना आता काही लागलेलं कळत नाही, हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते आम्हाला एका मुंजीत कळलं. ऐन उन्हाळा होता. जेवणाची पंगत बसायला वेळ होता म्हणून सगळे कार्यालयाच्या अंगणात आले आणि फरशी इतकी तापली होती की पाय उचलत सावलीकडे पळाले. बाबा तिथेच अनवाणी उभे राहून कोणाशी तरी बोलत राहिले. घरी आल्यावर आईला त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली टरारून आलेला फोड दिसला.

"अहो, हे दुखत नाही का?"

"दुखलं असतं तर बोललो असतो."

फोड फुटला, तिथे जखम झाली, आणि ती काही भरेना. बाबा ती रोज झेंडूसारख्या एका फुलाच्या अर्कानं धुवायचे आणि वर पट्टी बांधून दवाखान्यात बसायचे. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहते, नोकरी खराडीत. रविवारी पेठेत यायचे तेव्हा पट्टीकडे बघायचे. एका रविवारी ते पट्टी बदलत असतानाच मी आत गेले. अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं. लागून काळंनिळं होतं तसं नव्हे, जळक्या लाकडासारखं, कोरडं.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना सर्जनकडे नेलं. पायातला रक्तप्रवाह तपासला. सर्जन तरुण होते, शांतपणे बोलले. "गँगरीन आहे. रक्तवाहिनी मोकळी करायचा प्रयत्न करू, आणि अंगठा काढावा लागेल. आत्ता केलं तर पाय राहील. थांबलात तर किती वर जाईल ते मी सांगू शकत नाही."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "आपण म्हणता ते बरोबर आहे," म्हणाले, नमस्कार केला आणि उठले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "थोडे दिवस बघू."

"काय बघू? त्यांनी सांगितलं ना?"

"कोरडं आहे. वास नाही, पू नाही. आर्सेनिक सुरू करतो."

"बाबा, हाच पाय घेऊन कोणी पेशंट आला असता तर?"

"पेशंट आलेला नाही," ते म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

त्यांच्याच कपाटातल्या आर्सेनिकच्या गोळ्या सुरू झाल्या. मग दुसरं औषध, मग तिसरं. त्यांनी कांदा सोडला, लसूण सोडला, कॉफी सोडली, कारण त्यांच्या शास्त्राप्रमाणे उग्र वासानं औषधाचा गुण जातो. आपल्या पेशंटांना ते जे पथ्य सांगत ते सगळं त्यांनी इतक्या काटेकोरपणे पाळलं की आईला भाजी कशी करावी ते सुचेना. काळेपणा जिथे संपत होता तिथे त्यांनी बॉलपेननं एक रेघ ओढून ठेवली. रेघेच्या पुढे काळं गेलं तर हॉस्पिटलात जायचं, असं त्यांनी आम्हाला कबूल केलं होतं. मी फोन केला की आई सांगायची, "रेघेच्या आतच आहे गं."

मी आणि भाऊ दोघंही त्यांच्याशी भांडलो. भाऊ नाशिकहून आला, दोन दिवस राहिला, ओरडला, आणि परत गेला. बाबा कोणाशी भांडतच नसत. ते म्हणायचे, "रेघ बघा."

एका सकाळी आई त्यांचा पाय पुसत होती. पाण्यानं निळी शाई थोडी ओघळली आणि तिला रेघेच्या बरंच खाली, अंगठ्याच्या पेराजवळ, खरडून पुसलेल्या जुन्या रेघेची पुसट खूण दिसली. तिच्या वर आणखी एक. बाबा रेघ पुढे सरकवत होते. आईनं मला ऑफिसात फोन केला. तिचा आवाज अगदी सपाट होता. "ये," एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा दवाखान्याचं दार उघडं होतं आणि आत धूप जळत होता. मी उंबऱ्यातच थांबले. त्या खोलीत बाबांनी जन्मात कधी उदबत्ती लावू दिली नव्हती. एकदा एका बाईनं गणपतीच्या दिवसांत कापूर पेटवलेलं ताट आत आणलं तर त्यांनी तिला तशीच बाहेर काढली होती. आता ते बाटल्यांच्या कपाटासमोर धुरात बसले होते. धुराच्या खालून तो वास येतच होता. गोडसर, कुजका. त्यांना तो येत होता म्हणूनच धूप होता.

"बाबा, चला," मी म्हटलं.

"संध्याकाळी पेशंट येतील."

"कोणी येणार नाही. चला."

ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. अंग तापलं होतं. पट्टीतून पाणी झिरपून चपलेत उतरलं होतं. शेजारच्या दुकानदारानं आणि मी त्यांना उचलून गाडीत बसवलं. वाटेत ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते की बाकावरची ती बाई कधीची बसली आहे, तिला आधी बघायला हवं.

तेच सर्जन होते. त्यांनी आम्हाला एका शब्दानंही दोष दिला नाही. काळेपणा आता टाचेपर्यंत गेला होता, कोरडेपणा संपून पाय सडत होता आणि विष रक्तात उतरलं होतं. "गुडघ्याखाली कापावा लागेल. आज." बाबा तेव्हा थोडे शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, "गुडघा राहील?" सर्जन म्हणाले, "प्रयत्न करतो." बाबांनी मान हलवली आणि आईकडे न बघता सही केली.

गुडघा राहिला. बाबाही राहिले, पण ते आधीचे राहिले नाहीत. घरी आल्यावर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. नसलेल्या अंगठ्यात आग व्हायची. ज्या पायाला फरशीचा चटका कळला नव्हता तो पाय गेल्यावर दुखायला लागला होता. कण्हत नसत, फक्त चादर मुठीत धरत.

एका दुपारी मी त्यांना ताक देत होते. आपण होऊन म्हणाले, "तू रिक्षात विचारलं होतंस."

"असू दे बाबा."

"दुसऱ्याचा पाय असता तर त्याच दिवशी हॉस्पिटलात हाकलला असता. पण मी ज्यांना पाठवलं त्यांतले काही पाय कापून परत आले होते. पुड्या न्यायला यायचे, कुबड्या बाकाला टेकवून ठेवायचे. मी त्यांच्याकडे बघत नसे." ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "भीती होती. बाकी सगळं मी तिच्यावर चढवलं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्यांनी काही झालं नाही," ते म्हणाले. "मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

त्यानंतर त्यांनी कोणाला औषध दिलं नाही. लोक येत राहिले. कोणी म्हणायचं, डॉक्टर, बसल्या बसल्या पुड्या तर बांधता येतील. मुलाच्या सर्दीसाठी आलेल्या एका शेजारणीला त्यांनी नाही म्हटलं, तर ती आईला जिन्यात म्हणाली, "पाय गेला म्हणून काय ज्ञान गेलं का?" आईनं ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ते आतून ऐकलं होतं.

मग एक दिवस एक तरुण आपल्या आईला घेऊन जिना चढून आला. विदर्भाकडचे होते, कामासाठी इथे आलेले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथले डॉक्टर न कापता पाय बरा करतात. बाईंच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. त्या घाबरून म्हणाल्या, "कापू नका म्हणा साहेब कुणाला. गोळ्या द्या. मी सगळं पथ्य पाळीन."

बाबांनी मला उठवून बसवायला सांगितलं. त्यांनी पायजम्याची मोकळी लोंबणारी बाजू हातानं वर केली आणि गुडघ्याखालचं ते शिवलेलं, लालसर टोक त्यांच्यासमोर धरलं. घरातल्या माणसांनाही ते कधी बघू देत नसत.

"याला माझ्याच गोळ्या दिल्या होत्या," ते म्हणाले. "सगळं पथ्य पाळून. तुमचा पाय अजून आहे. आजच जा."

बाई रडायला लागल्या. मुलगा जरा चिडूनच म्हणाला, "देत नसाल तर नाही म्हणा ना सर, असं घाबरवता कशाला?" मी त्यांच्याबरोबर खाली उतरले आणि सर्जनचा पत्ता दिला. ते जातील असं मला वाटलं नव्हतं. पण काही दिवसांनी त्या मुलाचा फोन आला. दोन बोटं काढली होती, बाकी पाऊल वाचलं होतं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चालतात?" मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी कुबड्या मागितल्या आणि खिडकीपर्यंत जाऊन आले.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. थंडीत एका सकाळी चहा घेताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. या वेळी ते लगेच म्हणाले, "हॉस्पिटलात चला." आम्ही गाडीत घातलं, रस्तेही मोकळे होते, उशीर असा कुठेच झाला नाही. तरी ते गेले.

घरी आणून आंघोळ घातल्यावर आईनं पांढरी चादर सारखी केली. एका बाजूला ती पायापर्यंत जात होती, दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट पडत होती. तिनं दोन-तीनदा ती ओढून बघितली, मग तशीच राहू दिली.