बुधाचा एकच शब्द

बुधा टाकीवरून पडला तेव्हा दीपाली पालघरच्या बी.एड. कॉलेजात हेमांगी मॅडमच्या तासाला बसली होती. इंग्रजी शिकवायला निघालेल्या मुलामुलींना मॅडम भाषाशास्त्राचे पहिले धडे देत. कुठला आवाज ओठांवर घडतो, कुठला जिभेच्या टोकावर, आणि बोलणं मेंदूत कुठे राहतं ते सांगत. त्या दुपारी बोईसरच्या एका कारखान्यात टाकीला रंग देणारा तिचा बाप डोक्याच्या डाव्या अंगावर आपटला.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पाड्यावर रात्री गाणी म्हणणारा, आल्यागेल्याची थट्टा करणारा बुधा नुसता बघत राही. लोक म्हणाले, येडा झाला. दीपालीला ठाऊक होतं, तसं नाही. बकरी दावं तोडून पळाली की तोच आधी डाव्या हातानं दाखवायचा. समजत सगळं होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते.

मॅडमना विचारून तिनं बापाला शिकवायला घेतलं. ओसरीवर समोरासमोर बसून ती ओठ मिटून ‘पाणी’ म्हणे. बुधाचे ओठ थरथरत, कपाळावर घाम येई, शब्द येत नसे. ‘नाय’ म्हणताना जीभ वर लागत नव्हती. मग तिला वर्गातलं आठवलं, की ‘ह’ला ना ओठ लागतात ना जीभ, तो नुसता श्वास. किती दिवस ती बापापुढे श्वास सोडत बसली, आणि एका सकाळी आई कमळीनं विचारलं, “भाकर देव का?”

“हाय,” बुधा म्हणाला.

कमळी चुलीपुढेच रडायला लागली. दीपालीनं बापाचा हात धरला. “बा, परत बोल!” तो परत बोलला, हसला. पाड्यातली माणसं ऐकायला येऊन गेली.

पण दुसरा शब्द काही आला नाही. भूक लागली तरी हाय, पोट भरलं तरी हाय. नको असलं की तो मान फिरवी. घरच्यांना तेवढं पुरत होतं.

दीपालीचे सराव पाठ चालू असताना कारखान्याचा एक साहेब पाड्यावर आला. मोठा गोड बोलणारा. कमळीनं त्याला खाट टाकून दिली.

“बुधाभाऊ, टाकीवर चढताना कमरेला बांधायचा पट्टा दिला होता ना तुम्हाला?”

“हाय.”

“तुम्हीच काढून ठेवलात ना?”

“हाय.”

साहेबानं लिहून घेतलं, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि चहा पिऊन गेला. कमळीनं संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा दीपालीनं लगेच मॅडमना फोन लावला. पट्टा कुणालाच मिळालेला नव्हता. बरोबरचे रंगारी ठेकेदारानं केव्हाच आपापल्या मुलखाला पाठवून दिले होते.

अपघाताच्या भरपाईची सुनावणी लागली, तिला हेमांगी मॅडम सोबत आल्या. अधिकाऱ्याला म्हणाल्या, “तोंडातून ‘हाय’ आलं म्हणजे त्यांना ‘हो’ म्हणायचं होतं असं नाही. हा एकच उच्चार उरलाय त्यांच्याकडे.”

“मॅडम, हे आम्ही कशावरून मानायचं?”

दाखवल्यावाचून इलाज नव्हता. दीपाली बापाच्या समोर उभी राहिली.

“बा, तुझा नाव कमळी हाय का?”

बुधानं तिच्याकडे पाहिलं. त्यानं ओठ आवळले, मान हलवायला गेला, पण त्याआधीच तोंडून निघून गेलं. “हाय.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अधिकारी म्हणाला, “आणखी एक विचारा.”

“तू… तू बाई हाय का, बा?”

“हाय.” म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले. लुळा हात मांडीवर तसाच पडलेला. दीपालीला पुढचं विचारवेना.

अधिकारी भला माणूस होता. त्यानं तो कबुलीजबाब बाजूला ठेवला. पण मग म्हणाला, “यांचं ‘हाय’ धरायचं नाही, तर यांची साक्षही धरता येत नाही. कारखान्याच्या वहीत पट्टा दिल्याची नोंद आहे. तो दिला नव्हता हे सांगणारं दुसरं कोण आहे?”

कोणी नव्हतं. भरपाई नाकारली गेली, प्रकरण तिथंच मिटलं.

परतीच्या एसटीत बुधा खिडकीकडे तोंड करून बसला. घरी कमळीनं विचारलं, “जेवतस का?” त्यानं ताट डाव्या हातानं ओढून घेतलं, बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दीपाली ओसरीवर त्याच्यासमोर बसली, तशी तो उठून आत गेला.

“बा, माजा चुकला,” ती दारातून म्हणाली. तो भिंतीकडे वळला.

“नको शिकवू आता त्याला,” कमळी म्हणाली.

पुढच्या माघात बुधा गेला. तोवर त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. दीपाली पास झाली. बोईसरच्या एका शाळेत ती पाचवीला इंग्रजी शिकवते आणि तिथंच भाड्याच्या खोलीत राहते. रविवारी पाड्यावर जाते तेव्हा कमळी अंगणात कोंबड्यांशी मोठमोठ्यानं भांडत असते.