बप्पांच्या मिशीतली भाकर

दोन दुकानं एका भिंतीला लागून असली, की माल जरा जरा खपतो आणि किस्से साठत जातात. तेलगाव रोडला माझं पाइप-फिटिंगचं दुकान, शेजारी रशीदभाईचं मोटार रिवाइंडिंगचं. आम्ही दुपारी भाकर सोडली, तेव्हापासून तर विचारूच नका!

झालं असं, की रशीदभाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांब्याची बारीक तार दिसेना. त्यानं तार भरलेली मोटार पहिल्यांदाच जळून परत आली, तेव्हा तो दिवसभर तीच उलगडत बसला. मला लई वाईट वाटलं. बोटं आणि डोळे, एवढ्यावर त्याचा सगळा धंदा! डॉक्टर म्हणाले, "आधी शुगर खाली आणा, मग ऑपरेशन. दुपारी भाकरी, चपाती, भात बंद."

तिसरे आमचे बप्पा. शेळ्या पाळतात. सकाळी डेअरीला दूध घालायचं आणि मग आमच्या बाकड्यावर ठाण मांडायचं. त्यांनी लगेच जाहीर केलं, "रशीदला भाकर बंद, तर आपल्यालाबी बंद! जो खाईल त्यो दोस्त न्हाई!"

मला कुणी विचारलंच नाही.

*

पहिल्या दिवशी दुकानातच गॅसची शेगडी मांडली. कांदा, मिरची, कोथिंबीर, अंडी. दहा मिनिटांत ऑम्लेट ताटात! बप्पांनी ते बोटानं उलटून बघितलं.

"रशीद, ही भाकर हाय का कालवण?"

"दोन्ही समजा, बप्पा."

"मग आजून एक टाक. एक भाकर म्हणून खातो, एक कालवण म्हणून."

*

दुकानामागंच रशीदभाईचं घर. नसीमभाभीनं आम्हाला पत्ताकोबी शिकवली. बारीक चिरायची, जिऱ्या-मिरचीची फोडणी, वरून पनीर कुस्करायचं आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट. झटपट आणि झकास! मी तर बोटं चाटली.

बप्पा म्हणाले, "माझ्या शेळ्या रोज हाच पाला खात्यात."

"मग? त्यांना शुगर हाय का?" रशीदभाईनं विचारलं.

बप्पांनी ताट पुढं ओढलं.

*

एकदा मोटार टाकायला एक शेतकरी आला. ऐन जेवणाची वेळ, सोडतो कोण? बसवला. भुर्जी वाढली, काकडी कापली. आमचं खाऊन झालं तरी गडी ताटाला हात लावीना.

"खा की पाव्हणं, कावून थांबलाव?" बप्पांनी विचारलं.

"भाकऱ्या येऊ द्या की."

"भाकऱ्या न्हाईत. आमी आता असंच जेवतो."

त्यानं गुपचूप भुर्जी खाल्ली, हात धुतले आणि रशीदभाईच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवस बदलत्यात, रशीदभाई. धीर धरा." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ट्रॅक्टरमधून ज्वारीचं अख्खं पोतं दुकानात उतरलं!

रशीदभाई दोन्ही हात वर करून ओरडला, "अरे बाबा, माझी शुगर वाढलीय, गरिबी न्हाई!"

पण दिलेलं पोतं परत कसं करायचं? भाभीनं ते घरात नेलं. बप्पांनी ते आत जाईपर्यंत मान वळवून वळवून बघितलं.

*

शुगर उतरत होती. ऑपरेशनची तारीखही ठरली. नेमकी तेव्हाच बप्पांनी डोंगरातून सीताफळांची पाटी आणली. पिकून डोळा फुटलेली, मऊसूत, साखरेहून गोड! रशीदभाई एकामागून एक खात सुटला. मी म्हटलं, "अहो, शुगर!" तर म्हणतो कसा, "ह्यात भाकर कुठं हाय?"

रिपोर्ट बघून डॉक्टर भडकले. "काय खाल्लं होतं?"

"भाकर न्हाई खाल्ली साहेब, कसम से!"

ऑपरेशन पुढं ढकललं. रशीदभाई दुकानात आला आणि हातातली तार खाली ठेवून म्हणाला, "आता हे पथ्य माझ्याच्यानं न्हाई होत." बप्पांचं तोंड एवढंसं झालं. पाटी त्यांचीच ना! दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तेच स्वतः पत्ताकोबी चिरत बसले होते.

*

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. जेवण झालं की बप्पा हात धुवायला मागं जायचे, ते लवकर यायचेच नाहीत. एकदा मी जाऊन बघतो तर काय! पाण्याच्या टाकीआड उकिडवे बसून बप्पा भाकर-ठेचा खातायत!

"बप्पा!"

"हळू बोल बे! नसीमनं दिली. त्याच पोत्यातली हाय."

"आणि तुमची शपथ?"

"शपथ हाय की! त्याच्यासमोर घास गिळतो का मी?" मग हात जोडून म्हणाले, "सांगू नको रे त्याला. त्यानं पथ्य मोडलं तर त्याचा डोळा जाईल."

मी नाही सांगितलं.

*

शेवटी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावायचे दिवस सरले आणि रशीदभाई दुकानात आला. आम्ही नेहमीसारखंच बिनभाकरीचं जेवलो. बप्पा मागं जाऊन हात धुऊन आले आणि बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसले.

रशीदभाई त्यांच्याकडं टक लावून बघायला लागला.

"बप्पा, तुमच्या मिशीत काय हाय?"

"कुठं काय?"

"डावीकडं. भाकरीचा कण हाय."

बप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं. कण बोटावर आला. त्यांनी आधी कणाकडं बघितलं, मग रशीदभाईकडं, आणि ताडकन उठले.

"दिसला का बे तुला? एवढा बारीक? तिथून?"

आणि तो कण बोटावर तसाच धरून बप्पा रस्त्यावर पळाले, समोरच्या चहावाल्याला ओरडून सांगायला लागले, "आरं, रशीदला दिसलं! माझ्या मिशीतली भाकर दिसली!"