बनसोड्यांची पिवळी पट्टी

बनसोडे मंगळवारी गेले, आणि त्यांच्या कुत्र्यांना माझं घर पसंत पडलेलं नाही.

गुरुवारपासून दोघं आमच्या उंबऱ्याबाहेर पॅसेजमध्ये उभी होती. आत येत नव्हती, खात नव्हती. समोरच्या बंद दाराशी जायची, हुंगायची, परत यायची. पुन्हा जायची.

मीही तेच करत होतो. हुंगणं सोडून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधुकर बनसोडे, समोरच्या फ्लॅटमधले आमचे शेजारी. चाकणच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत, माल तपासायला. रिटायर झाले, बायको गेली, मुलगा बंगळूरला. तेव्हा चाकणपाशी निघोज्याला, त्याच कंपनीच्या गेटवर फिरणारी दोन पिल्लं उचलून चिंचवडला आणली.

एकाचं नाव ओके. दुसरं एका पायाने लंगडं. त्याला मी रिजेक्ट म्हटलं, तर रागावले.

"रिजेक्ट नाही, शास्त्रीबुवा. रिवर्क. दुरुस्त करून पुन्हा लाइनवर घ्यायचा माल."

तेच नाव राहिलं.

शास्त्रीबुवा म्हणजे मी. पेशाने वार्ताहर, पण कॉलेजात संस्कृत घेतल्याची शिक्षा त्यांनी मला शेवटपर्यंत दिली. कुत्र्याला सारमेय असा सुंदर शब्द आहे, असं एकदा सांगून पाहिलं. म्हणाले, चेकशीटच्या रकान्यात मावणार नाही.

चेकशीट होतीच. फ्रिजवर. पंजे पुसले, केस काढले, वाडगे धुतले. रोज सही. घरही स्वतःचं, सहीही स्वतःचीच.

त्यांचं शास्त्र असं: केर कोरडा काढायचा नाही, केस उडून कपाटाखाली जाऊन बसतात. आधी ओलसर फडकं, मग झाडू. सोफ्यावर ओला रबरी हातमोजा फिरवायचा, केसांचे गोळे होऊन येतात. फिनेल नाही, कारण कुत्री पंजे चाटतात. दाराशी एक ओलं पोतं, एक कोरडं.

आणि फरशीवर पिवळी टेप. कंपनीत मशीनभोवती असते तशी. वाडग्यांभोवती चौकोन, गादीभोवती चौकोन, स्वयंपाकघराच्या तोंडाशी सरळ रेघ. कुत्री पट्टीपाशी आली की थांबायची.

मी हसायचो. आमच्याकडचे पाहुणे मुद्दाम दाखवायला घेऊन जायचो. बनसोडे सोफ्यावरूनच सांगायचे, "फरशी ओली आहे, जपून."

दोन कुत्री असून त्यांच्या फरशीवर पानं मांडावीत. माझ्याकडे एक पाल सोडली तर जनावर नाही, तरी चहाला आले की दारातून 'जय भीम' म्हणायचे आणि टीव्हीखालून बोट फिरवायचे. बोट बघायचे. "हा लॉट होल्डवर. तपासून मग सोडू."

त्यांचा मुलगा सुमेध अस्थी घेऊन लातूरकडे गावी गेला. जाताना कुत्री आमच्याकडे. बंगळूरचा घरमालक कुत्री ठेवू देत नाही.

"काका, तुमच्याकडे रुळली तर ठेवा. नाहीतर तळेगावजवळ कुत्री सांभाळणारे आहेत, रविवारी त्यांची गाडी येईल. जोर नाही."

जोर नाही म्हणाला, त्याचाच जोर झाला.

घर खराब होऊ नये म्हणून मी हॉलभर पेपर अंथरले. वर वाडगे ठेवले. दहीभात झाला, चिकनचं पाणी झालं, बायकोने, मेधाने, दुधात पोळी कुस्करून दिली. दोघं उंबऱ्यावरून पेपरांकडे बघायची, मग माझ्याकडे.

पिल्लं असताना त्यांना पेपर कशासाठी अंथरून द्यायचे, हे सुमेधला फोन केल्यावर कळलं. तीस वर्षांच्या माझ्या पत्रकारितेवर इतका स्पष्ट अभिप्राय आजवर कुणी दिला नव्हता.

पेपर उचलले. तरी येईनात.

आज शनिवार. उद्या गाडी.

सकाळी मेधा दारात उभी राहून बराच वेळ त्यांना बघत होती. म्हणाली, "ती आपल्याकडे बघतच नाहीयेत. फरशीकडे बघतायत."

"फरशीवर काय आहे?"

"काहीच नाही ना. कुठे थांबायचं, ते त्यांना कळत नाहीये."

स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात पिवळी टेप मागितली. दुकानदाराने विचारलं, कंपनी कोणती. घरासाठी हवीय म्हटलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "घरात कुठलं मशीन बसवताय, राव?"

घरी येऊन लावली. निघाली. पुन्हा लावली. पुन्हा निघाली. उलटून पाहिली तर चिकट बाजूवर माझ्या घरातली सगळी धूळ.

धुळीवर टेप बसत नाही. बनसोडे हे कधी बोलले नाहीत. इतकी वर्षं मला वाटत होतं, पट्टी कुत्र्यांसाठी आहे.

मग बसलो गुडघ्यांवर. आधी ओलसर फडकं, मग झाडू. टीव्हीखाली. कपाटाखाली. सोफ्याखाली एक लग्नपत्रिका सापडली. त्या जोडप्याचा मुलगा आता शाळेत जातो.

दुपार झाली. कंबर गेली. फरशी वाळली आणि टेप बसली. स्वयंपाकघरापाशी रेघ, खिडकीजवळ गादीचा चौकोन, भिंतीशी वाडग्यांचा. दाराशी दोन पोती.

दार उघडलं.

रिवर्क आला. लंगडत. पट्टीपाशी थांबला, खाली पाहिलं, चौकोनातल्या वाडग्यात तोंड घातलं आणि खाल्लं. सगळं.

मेधा आत गेली. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सुमेधला फोन करून सांगितलं, गाडी नको. तो म्हणाला, "काका, पट्टी सरळ लावलीय ना? बाबांना वाकडी चालायची नाही."

वाकडी आहे.

ओकेने अजून खाल्लेलं नाही. आत येतो, चौकोनात बसतो, उठतो, समोरच्या दाराशी जाऊन हुंगतो, परत येतो. हे लिहीपर्यंत चार वेळा झालं. दर फेरीला मी उठून पंजे पुसतो. ओलं पोतं, कोरडं पोतं. त्याला थांब म्हणायचं माझ्याच्याने होत नाही.

फ्रिजवर एक कागद लावलाय. आजची सही माझी.

लॉट होल्डवर ठेवा, बनसोडे. रिजेक्ट करू नका.

जय भीम.

फरशी ओली आहे, जपून.