एकास बाराचा उतार

आता माझी फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर सोसायटीतले लोक तिखटमीठ लावून सांगतील!

मी कांदिवलीत बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. म्हणजे उतारातलं माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार, सांगा? तळमजल्यावरच्या रोझीमावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती व्हीलचेअरवर आली. तिचा एकच हट्ट, रविवारी चर्चला एकटी जाणार. म्हणून कमिटीने पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधला. सेक्रेटरी म्हणाले, "सर, उतार तेवढा तपासा ना."

टेप लावली. वरचं टोक, खालचं टोक. उंची एक फूट, लांबी बारा फूट. "एकास बारा! नियमात बसतो! झकास! पास!"

शनिवारी संध्याकाळी मावशी रंगीत तालमीला निघाली. "कोणी हात लावायचा नाही हां!" नऊ फूट अगदी ऐटीत गेली. आणि मग? गवंड्याने शेवटच्या तीन फुटांत घसरगुंडीच केली होती हो!

"अरे मास्तर, हे काय पास केलंस रे!" ओरडत मावशी थेट कुंड्यांत!

खरचटलंसुद्धा नाही, पण ती रडवेली झाली. "जाऊ दे, मी घरीच बसते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात माझी विद्यार्थिनी गार्गी पुढे आली. त्याच सकाळी मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, "वक्रावरचे दोन लांबचे बिंदू जोडलेस तर सरासरी उतार मिळतो गं! एका ठिकाणचा हवा तर दुसरा बिंदू जवळ आण, आणखी जवळ!"

आता तीच खडूने रॅम्पवर खुणा करत होती. "सर, तळापासून बारा फूट धरले तर एकास बारा. तीन फूट धरले तर एकास चार. एकच फूट, एकास तीन. अजून जवळ आणू?"

"नको गं बाई," मी म्हणालो.

रॅम्प फोडून नवा बांधला. गार्गीने फूटफूट मोजला. मावशी म्हणाली, "आधी मास्तरांना बसवा."

बसलो. ब्रेक घट्ट धरला, डोळे गच्च मिटले. मागून गार्गी ओरडली, "सर, आता उतार सगळीकडे सारखाच आहे, घाबरू नका! डोळे उघडा!"

उघडले. खुर्ची अजून वरच होती. मी ब्रेकच सोडला नव्हता.